राजेरजवाड्यांचा चित्रकार : सर टॉमस लॉरेन्स

आसईच्या लढाईत १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवणारा आर्थर वेलस्ली बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करून युरोपभर गाजला. लाल गणवेश, हाताची घडी आणि समोर रोखलेली नजर अशी त्याची जी छबी प्रसिद्ध आहे, ती सर टॉमस लॉरेन्सच्या कुंचल्यातून उतरली आहे. १७९० ते १८३० या चाळीस वर्षांत इंग्लंडमधल्या बड्या घराण्यांना आपलं व्यक्तिचित्र काढावं तर लॉरेन्सनेच, असं वाटे. त्यामुळे ‘श्रीमंतांना खूश करणारा चित्रकार’ हा शिक्का त्याच्यावर बसला. त्याची उत्तम चित्रं जवळून पाहिली, तर हा शिक्का अन्यायाचा वाटतो.

जन्म १३ एप्रिल १७६९, ब्रिस्टलचा. वडील डिव्हायझेस गावात ‘ब्लॅक बेअर’ नावाची सराई चालवत. बाथच्या गरम झऱ्यांकडे निघालेली लंडनची प्रतिष्ठित मंडळी वाटेत तिथे उतरत. वडील पोराला पाहुण्यांपुढे उभं करत. कधी त्याने कविता म्हणून दाखवायची, कधी पाहुण्यांचे चेहरे पेन्सिलीने काढायचे. पुढे सराई बुडाली, वडिलांचं दिवाळं निघालं आणि कुटुंब बाथला आलं. टॉमस तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा होता. त्याने पेस्टल खडूंनी काढलेल्या चित्रांवर घर चालू लागलं. शाळा अशी त्याला फारशी लाभलीच नाही.

१७८७ मध्ये तो लंडनला आला. रॉयल अकादमीच्या शाळेत थोडेच महिने शिकला आणि दोन वर्षांत थेट राणी शार्लटचं चित्र काढायला त्याला विंडसरला बोलावणं आलं. वय वर्षं वीस! राजा तिसरा जॉर्ज नुकताच भ्रमिष्टपणाच्या आजारातून उठला होता आणि त्या काळजीने राणी थकली होती. लॉरेन्सने हा थकवा लपवला नाही. केस पिकलेले, चेहरा ओढलेला, मागच्या खिडकीतून पानगळीची झाडं आणि ईटनचं प्रार्थनामंदिर दिसतं. राणीला चित्र रुचलं नाही. राणीचं डोकं उघडं आहे, हे राजालाही खटकलं. चित्र राजवाड्याने घेतलं नाही. ते लॉरेन्सच्या मृत्यूपर्यंत त्याच्याच स्टुडिओत पडून राहिलं.

पण १७९० च्या अकादमीच्या प्रदर्शनात ते लागलं आणि त्याच प्रदर्शनात अभिनेत्री एलिझाबेथ फॅरनचं चित्रही होतं. उन्हाळी आभाळाखाली ती चालता चालता क्षणभर वळून बघते. अंगावर फरची किनार असलेला पांढरा साटीनचा झगा, हातमोजा एकाच हातात. उन्हाळ्यात फर कशाला, असा टीकाकारांचा सवाल होता. लंडनकर मात्र या पोरसवदा चित्रकारावर खूश झाले. १७९२ मध्ये जोशुआ रेनॉल्ड्स वारला आणि राजाचा अधिकृत चित्रकार हे त्याचं पद तेविशीच्या आतल्या लॉरेन्सकडे आलं.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. पहिल्या बैठकीत रंगाला हात नाही. कॅनव्हासवर खडूने फक्त चेहऱ्याचं काटेकोर रेखाटन करायचं. रंगवताना तो उभा असे. डोळ्यातली ओलसर चमक, ओठांची तकाकी, साटीनवरची उजेडाची रेघ तो जाड पांढऱ्या रंगाच्या एकेका फटकाऱ्यात आणी. चेहऱ्यावर जीव ओतायचा, बाकीचं मागे पडायचं. साहजिकच गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे आणि स्टुडिओ अर्धवट चित्रांनी भरलेला असे.

१८१४ मध्ये युवराजाने (पुढचा चौथा जॉर्ज) त्याला सर्वांत मोठं काम दिलं : नेपोलियनला हरवणाऱ्या राजांची, सेनापतींची, मुत्सद्द्यांची चित्रं. १८१५ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. १८१८ मध्ये आखनच्या परिषदेत त्याने रशियाचा झार, ऑस्ट्रियाचा सम्राट आणि प्रशियाचा राजा रंगवले. तिथून व्हिएन्ना, मग रोम. रोममध्ये पोप सातवे पायस त्याच्यासमोर बसले. नेपोलियनच्या कैदेत वर्षं काढलेले हे वृद्ध गृहस्थ सिंहासनात लहानखुरे दिसतात, डोळे मात्र जागे आणि मायाळू आहेत. मागे व्हॅटिकनची शिल्पं आहेत. फ्रेंचांनी पळवलेली आणि पराभवानंतर परत आलेली. राणीच्या चित्रासाठी लागलेलं धाडस इथे पिकून परिपूर्ण झालेलं आहे. ही चित्रं आज विंडसर किल्ल्याच्या ‘वॉटर्लू चेंबर’मध्ये आहेत.

१८२० मध्ये तो परतला आणि रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला. पैसा भरपूर आला, तरी कर्ज जन्मभर फिटलं नाही. एक मोठं कारण घरातच होतं. मायकेलअँजेलो, राफाएल अशा जुन्या उस्तादांची रेखाटनं तो हाती लागतील तितकी विकत घेई. ७ जानेवारी १८३० रोजी तो गेला. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्याला पुरलं. मृत्युपत्राप्रमाणे हा संग्रह राजाला आणि ब्रिटिश म्युझियमला स्वस्तात देऊ केला होता, पण दोघांनीही नकार दिला. संग्रह फुटला. त्यातली राफाएल आणि मायकेलअँजेलोची बरीच रेखाटनं पुढे वर्गणी काढून ऑक्सफर्डसाठी घेतली गेली. ती अॅशमोलियन संग्रहालयात आहेत.

लाल मखमली पोशाखातल्या छोट्या चार्ल्स लॅम्बटनचं ‘द रेड बॉय’ (१८२५) १९६७ मध्ये ब्रिटिश टपाल तिकिटावर आलं. ब्रिटिश तिकिटावर छापल्या गेलेल्या पहिल्या चित्रांपैकी हे एक. २०२१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते ९३ लाख पौंडांना घेतलं. ही गॅलरी १८२४ मध्ये ज्या ३८ चित्रांवर उभी राहिली, ती लॉरेन्सचा मित्र आणि आश्रयदाता जॉन ज्युलियस अँगरस्टाइनची होती, आणि त्यांच्या निवडीत लॉरेन्सचा सल्ला होता. राजवाड्याने नाकारलेलं राणी शार्लटचं चित्रही याच गॅलरीच्या मालकीचं आहे आणि गॅलरीच्या कायमच्या संग्रहाला प्रवेशमूल्य नाही.