पहिल्या तीन दिवसांचा डबा आईचाच!

लातूरला नीटची तयारी करत असाल, तर 'क्लीव्हेज' तुम्हाला झोपेतही पाठ असणार. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. ऑप्शन टिक, पुढचा प्रश्न! पण या पेशींना हुकूम कोण देतं, असा प्रश्न कधी पडलाय?

तुम्ही म्हणाल, गर्भाचा स्वतःचा डीएनए. अर्धा आईचा, अर्धा बाबांचा. गंमत म्हणजे, तेव्हा तो जवळपास गप्प असतो. माणसाच्या गर्भात तो जोमानं कामाला लागतो चार ते आठ पेशी झाल्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी. तोवर सगळं चालतं आईनं बांधून दिलेल्या डब्यावर. गावाकडून एसटीनं डबा येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

या डब्यात असतात आरएनए आणि प्रथिनं. बीजांड तयार होत असतानाच आईच्या जीन्सवरून ती बनतात आणि साठवली जातात. या जीन्सना म्हणतात मॅटर्नल इफेक्ट जीन्स. इथं मेंडेलचं नेहमीचं गणित फिरतं, कारण गर्भात कोणते जीन्स आलेत यापेक्षा आईकडं कोणते आहेत, ते महत्त्वाचं ठरतं.

नांदेडला बीएस्सी झूऑलॉजी करणाऱ्यांना ड्रोसोफिला ही फळमाशी ओळखीची असेल. माशीच्या मादीत 'बायकॉइड' जीन बिघडलेला असेल, तर तिच्या अळ्यांना डोकं आणि छाती तयारच होत नाही. नर कितीही धडधाकट असो! फळमाशीच्या भ्रूणाची वाढ कोणते जीन्स ठरवतात, हे शोधणाऱ्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड, एरिक विशाउस आणि एडवर्ड लुईस यांना १९९५ चं नोबेल मिळालं.

माणसाचं काय? ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. या तंत्रात गर्भाचे पहिले दिवस लॅबमध्ये डोळ्यांसमोर जातात. काही जोडप्यांचे गर्भ मात्र दरवेळी सुरुवातीलाच थांबतात. २०१५ आणि २०१६ मध्ये अशा काही स्त्रियांत 'टीएलई६' आणि 'पीएडीआय६' या जीन्समधले बिघाड सापडले. त्या स्वतः निरोगी होत्या, फक्त डब्यातला एक जिन्नस कमी पडत होता.

आता नीट ऐका. आपल्याकडं अजूनही म्हणतात, बी नवऱ्याचं, बाई म्हणजे नुसती जमीन. मूल झालं नाही की मात्र बोट त्याच जमिनीकडं! विज्ञान दोन्ही खोटं पाडतं. गर्भाची सुरुवातीची सगळी शिदोरी तीच देते. आणि बिघाड असलाच, तर तो तिनं केलेला नसतो. या दोन जीन्सची एक बिघडलेली प्रत तिला आईकडून मिळालेली असते, दुसरी वडिलांकडून. तिची बीजांडं तर ती स्वतः आईच्या पोटात होती, तेव्हाच घडायला लागली होती. उपासतापास चुकला, ओझं उचललं, असल्या कारणांचा इथं काहीच संबंध नाही.

शिवाय गर्भ थांबण्याचं हे एकच कारण नाही. गुणसूत्रांच्या चुका असतात, शुक्राणूंचे दोषही असतात. म्हणून तपासणी दोघांची व्हायला हवी.

घरातल्या एखाद्या ताईला, वहिनीला 'हिच्यातच खोट आहे' असं कुणी ऐकवलं, तर गप्प बसू नका. बायोलॉजी तुम्ही शिकलाय, त्यांनी नाही.