पिकल्या केसांनाही परवाना लागतो

वाईन शॉपच्या काउंटरवरच्या पोरानं सत्तरीतल्या गिऱ्हाइकाला म्हणावं, "काका, परवाना आहे का? वयाचा एखादा पुरावा दाखवा," आणि काकांनी भडकावं, "माझं वय दिसंना का तुला?" सोलापुरात असं विचारणारा पोरगा विरळाच. पण कुणी विचारलंच, तर चूक त्याची नसते. महाराष्ट्रात दारू विकत घेणाऱ्याकडं परवाना हवा, आणि केस पांढरे झाले म्हणून त्यातून कुणाची सुटका होत नाही.

याचं मूळ 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो. दारू पिणं हा या कायद्याच्या नजरेत कुणाचा हक्क नाही, सरकारनं परवान्यापुरती दिलेली ती सवलत आहे. बंदी सैल झाली, दुकानं वाढली, पण परवान्याची अट तशीच राहिली. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना 5 रुपयांचा, देशीचा 2 रुपयांचा. वर्षाचा 100 रुपयांत आणि आयुष्यभराचा 1000 रुपयांत मिळतो. परमिट रूममध्ये बसून पिणाऱ्यालाही तोच नियम. बिअरसाठी वयाची अट 21 वर्षांची आणि कडक मद्यासाठी 25 वर्षांची. शेजारच्या गोव्यात ती 18 आहे, त्यामुळं तिथं राजरोस बाटली घेणारा एकोणीस वर्षांचा पोरगा सोलापुरात आला की बेकायदा ठरतो.

मग म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, असं कुणीही म्हणेल. माझं उत्तर असं की सगळ्यांना विचारलं, तरच तरुणांना विचारता येतं. चोवीस आणि सव्वीस वर्षांच्या पोरांतला फरक चेहऱ्यावरून कुणाला कळतो? काउंटरवरचा नोकर बहुतेक वेळा त्यांच्याच वयाचा असतो. समोर चार जणांचं टोळकं उभं असताना "तू लहान दिसतोस" असं म्हणायची त्याची छाती होत नाही. "इथं सगळ्यांनाच दाखवावं लागतं" एवढंच म्हणायचं असेल, तर वादाचं कारणच उरत नाही. ज्येष्ठ गिऱ्हाइकानं मुकाट्यानं खिशातला कागद काढला, की मागच्या पोराला नाही म्हणायचं बळ त्या नोकराला मिळतं.

हे बळ नसलं की काय होतं, ते पुण्यानं पाहिलं. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव पोर्श गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी त्याला पबमध्ये दारू मिळाली होती. पबच्या मालक-व्यवस्थापकांवर गुन्हे दाखल झाले. बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच्या पुढचं कलम 78 घरोघरच्या आजोबांनी वाचावं असं आहे. दारू विकायला, वाहून न्यायला किंवा पोचवायला मुलाला वापरणं, हाही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. "जा रे, कोपऱ्यावरून क्वार्टर घेऊन ये" असं नातवाला सांगणं आपल्याकडं कुणाला गुन्हा वाटतच नाही, आणि मला हे फार खुपतं.

सगळ्यांनाच विचारण्याचा प्रयोग अमेरिकेतही झाला. टेनेसी राज्यात 2007 पासून दुकानातून बिअर घेणाऱ्या प्रत्येकाला, वय कितीही असो, ओळखपत्र दाखवणं सक्तीचं झालं. पुढं उघडच पन्नाशीपार दिसणाऱ्यांना त्यातून वगळलं. इंडियानातही 2010 ला सरसकट नियम आला आणि वर्षभरात चाळिशीच्या आतल्या दिसणाऱ्यांपुरता उरला. नाराजी ज्येष्ठांचीच होती. तिथं प्रश्न फक्त वयाचा, म्हणून तेवढी सूट देता आली. आपल्याकडं परवान्याचाही प्रश्न असल्यामुळं ती पळवाट नाही.

वयाच्या पुराव्याचं म्हणाल, तर आपल्या भागातल्या जुन्या लोकांची गंमत माहीतच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली 1 जून हीच कित्येकांची जन्मतारीख. जुन्या आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं असायचं. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2024 मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात वयासाठी आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. पण पासष्टीतल्या माणसाची तारीख दोन वर्षं इकडंतिकडं झाली तरी पंचविशीच्या अटीत काय फरक पडतो? वाहन परवाना, पॅन कार्ड, यातलं काहीही चालावं. आधारचाच हट्ट दुकानदारानं धरू नये. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2018 च्या निकालानं खासगी व्यवहारात आधारच्या सक्तीला चाप बसला आहे. कागद बघावा आणि परत द्यावा. झेरॉक्स नको, मोबाइलमध्ये फोटो तर अजिबात नको.

एक धास्ती मात्र खरी आहे. काउंटरवर कटकट वाढली तर गरीब म्हातारा हातभट्टीकडं वळेल. सोलापूर जिल्ह्याला हातभट्टी नवी नाही. तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 2021 मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं, ते मुळे तांड्यासारख्या वस्त्यांतल्या कुटुंबांना त्या धंद्यातून बाहेर काढून दुसरं काम मिळावं म्हणूनच. म्हणून परवाना हा अडथळा होता कामा नये. तो दुकानातच, दोन मिनिटांत, गिऱ्हाइकाच्याच नावानं आणि ठरलेल्या दरात मिळाला पाहिजे. राज्य उत्पादन शुल्क विभागानं दर आणि वयाची अट यांची मोठी पाटी प्रत्येक दुकानाबाहेर मराठीत, आणि सोलापुरात तेलुगू व कन्नडमध्येही, लावायला लावावी.

परवान्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. 2020 च्या टाळेबंदीत घरपोच मद्य परवानाधारकांनाच मिळत होतं, तेव्हा हे अनेकांनी केलं आहे. ज्या ज्येष्ठांना घ्यायचीच आहे त्यांनी आयुष्यभराचा परवाना एकदा काढून पाकिटात ठेवावा, बाटली आणायला स्वतः जावं आणि पोरानं मागितला तर न रागावता तो पुढं करावा.