डॉक्टरचा शब्द आणि डब्यातला माल



आरोग्याच्या विषयावर बोलावयास डॉक्टर सोडून एका कामगार-कार्यकर्त्याला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे युनियनच्या कचेरीत, रात्री, मिळेल ते वाचून झाले. शरीरशास्त्र मला येत नाही. परंतु कागद कसा वाचावा, आकड्यामागे कोण उभा आहे हे कसे विचारावे, एवढे तीस वर्षांच्या पगारवाटाघाटींनी मला शिकविले आहे. आजच्या विषयाला तेवढे भांडवल पुरावे.

सायझिंगमध्ये काम करणारा आमचा एक सभासद आहे. वय पंचेचाळीस, मधुमेह जडलेला. दिवाळीच्या आधी तो बोनसवर उचल मागावयास आला. उचल कशासाठी, तर भुकटीचे तीन डबे घ्यावयाचे होते; एका डब्याला १,८०० रुपये. मोबाईलवर एका डॉक्टरचे भाषण त्याने पाहिले होते. पांढरा कोट, गळ्यात नळी, मागे भिंतीवर पदव्या. सकाळी उपाशीपोटी ही भुकटी घ्या, अमुक खा, तमुक सोडा, म्हणजे तीन महिन्यांत शुगर पळते, असे डॉक्टरांचे सांगणे. गड्याने एक डबा आधीच उसनवारीवर आणला होता आणि सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या निम्म्या केल्या होत्या. मी रागावलो. तेव्हा त्याची बायको शांतपणे म्हणाली, “अण्णा, एवढा मोठा डॉक्टर खोटं बोलंल का?”

या प्रश्नाचे उत्तर मला तेथे देता आले नाही. वहिनींचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. डॉक्टरवर विश्वास ठेवू नका असे आपण कष्टकरी माणसाला सांगू लागलो, तर तो उद्या क्षयाचे औषध सोडील आणि पोराला लस टोचणार नाही. मोठ्या लढ्याने आणि मोठ्या उपकाराने आलेला हा विश्वास आहे. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधले पाहिजे असे मला वाटले. त्या मोबाईलवरच्या डॉक्टरची कागदपत्रे माझ्यापाशी नाहीत, तेव्हा त्याच्याविषयी मी काही बोलणार नाही. परंतु अमेरिकेतल्या एका प्रकरणाचे सगळे कागद सरकारदरबारी उघडे आहेत. एका मित्राच्या मुलीच्या मदतीने, शब्दकोश शेजारी ठेवून, मी ते वाचले. ते प्रकरण आज आपणांपुढे ठेवतो. त्याचा एक धागा आपल्या शेजारच्या बंगळूरपर्यंत येतो.

डॉक्टर मेहमेत ओझ हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. हा कोणी रस्त्यावरचा जडीबुटीवाला नव्हे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हृदयाची शस्त्रक्रिया करणारा तो नामांकित शल्यवैद्य होता. ऑप्रा विन्फ्री या प्रसिद्ध बाईंच्या कार्यक्रमातून तो लोकांपुढे आला आणि २००९ साली त्याचा स्वतःचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू झाला. तो २०२२च्या जानेवारीपर्यंत चालला. त्यात हा गृहस्थ रोज काही ना काही सांगे. कधी चाला म्हणे, कधी झोप नीट घ्या म्हणे, आणि कधी वजन उतरविणाऱ्या कुठल्याशा बियांचे आणि फळांच्या अर्काचे गुणगान करी. रोज तास भरावयाचा असतो. चाला आणि कमी खा, एवढे सांगून किती दिवस तास भरणार?

२०१२ सालच्या एप्रिलमध्ये त्याने हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, कॉफीच्या बियांच्या अर्काची ओळख प्रेक्षकांना करून दिली. वजन झटकन उतरविणारी जणू जादूच, असा बोलण्याचा सूर. आधार होता त्याच वर्षी जानेवारीत छापून आलेल्या एका शास्त्रीय निबंधाचा. प्रयोग झाला होता बंगळुरात. माणसे किती, तर सोळा! आठ पुरुष, आठ स्त्रिया. बावीस आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी सुमारे आठ किलोने उतरले असे त्यात म्हटले होते.

येथे थोडे थांबावे लागेल, कारण सरासरी या शब्दाने आम्हांला फार छळले आहे. ‘आमच्या गिरणीत सरासरी पगार वाढला’ असे मालक सांगतो तेव्हा मॅनेजरचा पगारही त्याच बेरजेत असतो. म्हणून आम्ही विचारतो, माणसे किती, कोणकोण, आणि मस्टर दाखवा. वैद्यकातही प्रश्न तेच आहेत. औषध घेतल्यावर माणूस बरा झाला यावरून औषधाने बरा झाला असे ठरत नाही. सर्दी आपोआप जाते. आपल्यावर कोणाची नजर आहे, आठवड्याला वजन होणार आहे, एवढे कळले तरी माणूस ताटातली एक भाकरी कमी करतो. यासाठी काहींना खरी गोळी व काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देतात, आणि कोणाला कोणती हे चिठ्ठ्या टाकून ठरवितात. देणाऱ्यालाही ते ठाऊक नसावे. बंगळूरच्या प्रयोगात तर प्रत्येकाला पाळीपाळीने जास्त मात्रा, कमी मात्रा आणि खोटी गोळी द्यावयाची होती. पद्धत कागदावर ठीक होती. पण अशा प्रयोगात कोणाची कोणती पाळी कधी चालू होती, ही नोंद हाच सगळा प्राण. ती नोंद गेली की हाती काही उरत नाही.

आणि नेमकी तीच गेली होती. व्यापारातील फसवणुकीवर देखरेख करणारे फेडरल ट्रेड कमिशन नावाचे अमेरिकेचे सरकारी खाते आहे. त्याने २०१४ साली हे प्रकरण बाहेर काढले. त्याचे म्हणणे असे : प्रयोगाचा खर्च हा अर्क विकणाऱ्या टेक्सासमधल्या कंपनीनेच दिला होता. प्रयोग करणाऱ्या प्रमुखाने माणसांची वजने व इतर मोजमापे पुनःपुन्हा बदलली, प्रयोगाचा कालावधी बदलला, आणि खरी गोळी कोणाला व खोटी कोणाला याचाही घोळ केला. त्याचा निबंध कोणी छापेना, तेव्हा कंपनीने अमेरिकेतल्या विद्यापीठाचे दोन संशोधक पैसे देऊन लावले आणि निबंध नव्याने लिहून घेतला. त्यांनी मूळ आकडे तपासले नाहीत. शिवाय प्रयोगातल्या माणसांना कमी खा, जास्त चाला असे सांगितलेले होते. आणि कंपनी जाहिरात करीत होती की पथ्य नको, व्यायाम नको! कंपनीने ३५ लाख डॉलर भरून तडजोड केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेखकांनी आपला निबंध मागे घेतला.

एखाद्या गिरणीत हजेरीबुकात अशी खाडाखोड सापडली असती, तर आम्ही फाटकाशी सभा घेतली असती. येथे त्या हजेरीबुकावर लक्षावधी बाटल्या खपून गेल्या होत्या.

आता पैशाचा ओघ पहा. ओझच्या त्या कार्यक्रमात आहारतज्ज्ञ म्हणून एक पाहुणा आला होता, लिंडसे डंकन. त्याने अर्काची वाखाणणी केली आणि तो विकत घेताना संगणकावर कोणते शब्द घालून शोधावे, तेही प्रेक्षकांना सांगितले. ते शब्द त्याने जाहिरातीसाठी आधीच विकत घेऊन ठेवले होते. कार्यक्रमाला येण्याचे ठरताच गृहस्थ त्या मालाच्या विक्रीच्या तयारीला लागला होता. प्रेक्षकाने मात्र त्याला निःपक्षपाती जाणकार समजावे! २०१५च्या जानेवारीत त्याने व त्याच्या कंपन्यांनी ९० लाख डॉलर भरण्याचे कबूल केले.

ओझवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. आपण असले कोणतेही उत्पादन विकत नाही, त्यासाठी पैसे घेत नाही, उलट आपले नाव-चित्र लोक परवानगीवाचून वापरतात, असे त्याचे म्हणणे होते. १७ जून २०१४ रोजी अमेरिकेच्या सिनेटच्या एका उपसमितीपुढे त्याला बोलाविण्यात आले. अध्यक्ष होत्या क्लेअर मॅककास्किल. त्यांनी त्याचीच वाक्ये त्याला वाचून दाखविली आणि खरे नाही हे ठाऊक असून असे का बोलता, असे सरळ विचारले. आपली भाषा जरा फुलोऱ्याची झाली हे त्याने मान्य केले. परंतु प्रेक्षकांना उमेद देणे हेही आपले काम आहे असे तो म्हणाला. या उत्तरात थोडे तथ्य आहे असे मला आधी वाटले. संपात आम्हीही माणसांची उमेद वाढवितो. पण संप फसला तर कामगार आमच्या दारात येऊन जाब विचारतो, आणि त्या दिवशी आम्हांला घरीच राहावे लागते.

माझ्या मते सारे कोडे येथे आहे. दवाखान्यातला डॉक्टर एका माणसाची नाडी पाहतो, त्याचे रक्त तपासतो, चूक झाली तर तो माणूस पुन्हा त्याच्याच पायरीवर येतो. डॉक्टरच्या शब्दाला जे वजन आले ते या तपासण्यातून आणि या जबाबदारीतून. पडद्यावरचा डॉक्टर तेच वजन घेऊन येतो, परंतु तपासत कोणालाच नाही आणि जाबही कोणी विचारू शकत नाही. हृदय शिवण्यात कमावलेली पत तो कॉफीच्या बियांसाठी खर्च करतो. तो खोटेच बोलत असतो असेही नव्हे. २०१४च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याच्या कार्यक्रमाची एक तपासणी छापून आली. चाळीस भागांतील ऐंशी ठळक सल्ले घेऊन संशोधकांनी त्यांचा पुरावा शोधला. ४६ टक्के सल्ल्यांना काही आधार सापडला, १५ टक्के पुराव्याच्या विरुद्ध होते, ३९ टक्क्यांना पुरावाच आढळला नाही. म्हणजे निम्म्याच्या आसपास सल्ले बरे. गोंधळ होतो तो यामुळेच. सोमवारी कामाचे सांगणारा माणूस मंगळवारी बिनकामाचे सांगतो, आणि कोट दोन्ही दिवशी तोच असतो.

कोणी म्हणेल, घेतली एखादी गोळी, तर तोटा काय? जीवनसत्त्वच ते, झाला तर फायदाच. असे पुष्कळ डॉक्टरांनाही वाटत होते. गाजरात असणारे बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते, ते कर्करोग टाळील अशी एकेकाळी मोठी आशा होती. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून, खोट्या गोळीसह, पाच ते आठ वर्षे. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत तशाच दुसऱ्या प्रयोगात धूम्रपान करणारे, पूर्वी केलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले मिळून १८,३१४ लोक होते. तेथे ‘अ’ जीवनसत्त्वही जोडीला दिले होते. कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक दिसले, तेव्हा ठरल्या मुदतीच्या एकवीस महिने आधीच, १९९६च्या जानेवारीत गोळ्या थांबविण्यात आल्या. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने आधीच पोखरलेली ती कामगारमंडळी मला फार वेळ डोळ्यांपुढून हलली नाहीत. तरीही त्या संशोधकांविषयी मला आदर आहे. त्यांनी आपल्या आशेविरुद्ध निघालेला आकडा झाकून ठेवला नाही, छापला. गाजर खाणे मात्र चांगलेच आहे. गाजर वेगळे आणि गोळी वेगळी.

कायदा याबाबत काय म्हणतो? अमेरिकेत १९९४च्या कायद्याप्रमाणे असले पूरक पदार्थ बाजारात आणण्यापूर्वी ते गुणकारी आहेत हे सरकारपुढे सिद्ध करावे लागत नाही. आपल्याकडे १९५४चा जादूटोणावजा औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. मधुमेह आणि लठ्ठपणा घालविण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्याने मना आहे. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने कोणत्याही औषधाच्या वा विक्रीच्या मालाच्या जाहिरातीला आपले नाव, सही अथवा छायाचित्र देऊ नये, मोबदला घेऊनही नाही आणि न घेताही नाही. पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाचा मजकूर छापणे बंधनकारक आहे. कायदे वाईट नाहीत. किमान वेतनाचाही कायदा वाईट नाही. तो कसा पाळला जातो हे येथे बसलेल्यांना मी सांगावयास नको. डबा अन्न म्हणून विकावयाचा, आणि औषध म्हणून त्याची कीर्ती मोबाईलवरून पसरवावयाची, ही पळवाट सर्वांना ठाऊक आहे.

ओझ २०२२ साली पेनसिल्व्हेनियातून सिनेटच्या निवडणुकीस उभा राहिला व पडला. पुढे २०२५च्या एप्रिलात वृद्धांच्या आणि गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचे अमेरिकेतील प्रचंड खाते त्याच्या हाती देण्यास त्याच सिनेटने मंजुरी दिली.

आमच्या सभासदाचे सांगावयाचे राहिले. मी त्याला उचल दिली नाही. त्याऐवजी दोघां नवरा-बायकोला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचे रक्त तपासले. साखर पुष्कळ चढली होती. त्या त्याच्यावर ओरडल्या नाहीत. डबा हातात घेऊन त्यांनी बारीक अक्षरातली ती ओळ वहिनींना वाचून दाखविली, गोळ्या पूर्ववत सुरू केल्या आणि पाय रोज धुऊन बघत जा म्हणून बजावले. बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “अण्णा, ही डॉक्टरीण त्याच्याएवढी मोठी नसंल, पण हिनं पाय तरी बघितले.” डबा विकणाऱ्याकडे मी पावती घेऊन गेलो होतो. फोडलेला माल परत घेत नाही म्हणाला. ती उसनवारी गडी अजून फेडतो आहे.