खिडकींतील वातानुकूल यंत्र आणि त्याचा आधार

वैशाखाचें ऊन तापूं लागलें, कीं मुंबईपुण्याकडील पुष्कळ घरांत वातानुकूल यंत्र घेण्याचा विचार सुरू होतो. कोणत्या बनावटीचें घ्यावें, विजेचें बिल किती येईल, आवाज फार होतो कीं काय, या प्रश्नांचा खल आजोबांपासून शाळकरी नातवापर्यंत सर्वजण करतात. तें यंत्र भिंतीबाहेर कशाच्या आधारावर राहणार, हा प्रश्न मात्र सहसा कोणाला सुचत नाहीं. दुकानदारानें पाठविलेला माणूस येतो, दोन लोखंडी अँगल भिंतीला ठोकतो, यंत्र त्यांवर सरकवितो आणि तासाभरांत निघून जातो. पुढें पांचदहा वर्षें त्या अँगलांकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. खोलींत बसणाराला ते दिसतच नाहींत. ते दिसतात खालच्या रस्त्यानें जाणाराला, आणि त्याला त्यांची चौकशी करण्याचा अधिकार नसतो.

बाजारांत ‘एक टनाचें’, ‘दीड टनाचें’ यंत्र म्हणतात, त्यावरून कित्येकांचा गैरसमज होतो. हा टन वजनाचा नव्हे, थंडाव्याचा आहे. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकणारें यंत्र तें एक टनाचें. हिशेबानें ती ताशी १२,००० ब्रिटिश उष्णता-एकक भरते. दीड टनाच्या खिडकीयंत्राचें प्रत्यक्ष वजन साधारणतः ५० ते ६० किलोंच्या आसपास असतें, म्हणजे एका प्रौढ माणसाइतकें. हें वजन यंत्रांत सर्वत्र सारखें वांटलेलेंहि नसतें. कॉम्प्रेसर आणि उष्णता बाहेर टाकणारी तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांची जाळी हे जड भाग मागल्या बाजूस, म्हणजे भिंतीबाहेर असतात. आंत दिसणाऱ्या सुबक तोंडाशीं केवळ जाळी, गाळणी आणि पंखा. यंत्राचा गुरुत्वमध्य बहुधा भिंतीच्या बाहेर पडतो, आणि आधाराची सारी अडचण येथूनच उद्भवते.

भरलेली घागर कमरेवर घेऊन बाई सहज चालते. तीच घागर हात लांब करून धरावयास सांगितली, तर खांदा क्षणांत भरून येतो. वजन तेंच, परंतु अंतर वाढलें. भिंतीवरील ब्रॅकेटाची स्थिति या लांब केलेल्या हातासारखी असते. ब्रॅकेट म्हणजे एक काटकोन त्रिकोण : भिंतीला टेकलेली उभी बाजू, यंत्र पेलणारी आडवी बाजू, आणि या दोहोंस सांधणारा तिरपा टेकू. भार आला म्हणजे टेकू दाबला जातो व त्याचें खालचें टोंक भिंतींत रुतूं पाहतें. वरचा बोल्ट मात्र भिंतींतून उपटून निघूं पाहतो. खालच्या टोंकाची काळजी फारशी नको, कारण भिंतीला दाब सोसवतो. काळजी करावयाची ती वरच्या बोल्टाची.

ती किती करावयाची, तें थोड्या गणितानें कळतें. यंत्र ६० किलोंचें आहे, त्याचा भार भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर एकवटला आहे, आणि तो सर्व ब्रॅकेटांवरच आहे असें धरूं. ब्रॅकेटाच्या वरच्या व खालच्या बोल्टांत ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर मिळून ५० किलोंची ओढ बसते. अंतर १५ सेंटिमीटरच ठेवलें, तर तीच ओढ १०० किलो होते. लोखंड वांचविण्यासाठीं बुटकें ब्रॅकेट करणारा लोहार वाचवितो ते चार पैसे, आणि भिंतीवरचा ताण करतो दुप्पट. शिवाय दुरुस्तीला आलेला एखादा ७० किलो वजनाचा कामगार बाहेरच्या टोंकावर, भिंतीपासून अर्ध्या मीटरवर, पाय देऊन उभा राहिला, तर पहिल्या चांगल्या ब्रॅकेटावरहि आणखी सुमारें ११७ किलोंची ओढ वाढते. असें उभें राहूं नये हें खरें. परंतु कामगार उभे राहतात हेंहि तितकेंच खरें. म्हणून आधार हा यंत्राच्या वजनाच्या तिप्पटचौपट भार सोसेल, असाच करावा.

न्यूयॉर्क शहरांत हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटला आहे. वातानुकूलनाचा जन्मच त्या शहरांतील ब्रुकलिन भागाशीं निगडित आहे. तेथील एका छापखान्यांतील दमट हवेमुळें कागद आखडतो व पसरतो, म्हणून विलिस कॅरियर यानें १९०२ सालीं आपल्या यंत्राची योजना आखली. तेथील जुन्या घरांच्या खिडक्या दारासारख्या उघडत नाहींत, खालीवर सरकतात. झडप वर करून यंत्र चौकटींत ठेवतात व झडप त्यावर खालीं ओढून घेतात. त्यांचें ब्रॅकेट खिडकीच्या बैठकीवर टेकतें, त्याचा पाय बाहेरच्या भिंतीला रेटून राहतो, आणि कित्येक प्रकारांत भिंतीला एकहि भोंक पाडावें लागत नाहीं. पण झडप चुकून वर उचलली तर यंत्र सुटण्याची भीति असते. म्हणून ती हलूं नये असा अडसर लावावा लागतो. १९७९ सालीं त्या शहरांत इमारतीवरून निखळलेला तुकडा डोक्यावर पडून एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी मृत्यु पावली, आणि १९८० सालीं उंच इमारतींचे दर्शनी भाग ठराविक मुदतीनें तपासण्याचा कायदा तेथें झाला. यंत्राखालीं विटा किंवा लांकडाचे तुकडे असले सुटे टेकू ठेवूं नयेत, अशी सूचना तेथील इमारत खातें नागरिकांस करीत असतें. न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा नियम घर भाड्यानें घेतांनाच कळतो.

मुंबईंत खिडक्या बाहेर उघडणाऱ्या किंवा बाजूला सरकणाऱ्या, आणि त्यांना पुष्कळदां लोखंडी गज. येथें भिंतीला भोंक पाडल्यावांचून गत्यंतर नाहीं. म्हणून भिंत कशाची आहे हें आधीं पाहिलें पाहिजे. काँक्रीटची तुळई किंवा खांब असेल, तर भोंकांत फुगून घट्ट बसणारा १० किंवा १२ मिलिमीटरचा बोल्ट उत्तम. विटांच्या भिंतींत तोच बोल्ट फुगतांना वीट तडकवूं शकतो. तेथें भिंतीच्या आरपार लांब बोल्ट घालून आंतल्या बाजूस पोलादी पट्टी व नट बसविणें अधिक भरंवशाचें. खोलींत पट्टी दिसते म्हणून गृहिणी नाखूष होतात. पण ती रंगवून घेतां येते. हलक्या पोकळ ठोकळ्यांच्या भिंतींत तर आरपार बोल्टाशिवाय दुसरा मार्ग नाहीं. भोंक खिडकीच्या कडेला अगदीं लागून पाडूं नये, कड फुटते. आणि बोल्टाची लांबी मोजतांना गिलावा जमेस धरूं नये. बाहेरचा गिलावा इंचभर जाड असतो आणि त्याच्या अंगीं ओढ सोसण्याची शक्ति जवळजवळ नसते. दोन इंची बोल्टापैकीं एक इंच गिलाव्यांतच गेला, तर त्या बोल्टाचा उपयोग भिंतीवर तसबीर टांगण्याइतकाच.

छज्जा आयताच मिळाला म्हणून यंत्र त्यावर ठेवण्याची प्रथा फार आहे. छज्जा हा पाऊस व ऊन अडविण्यासाठीं असतो. त्याची जाडी थोडी, आणि त्यांतल्या मुख्य सळ्या वरच्या पृष्ठभागाजवळ असतात, कारण बाहेर काढलेल्या लादीचा ताण वरच्या बाजूस येतो. तेथें ड्रिल चालविणारा नेमक्या त्याच सळ्या तोडतो किंवा उघड्या पाडतो. मरीन ड्राइव्हच्या परिसरांतील १९३० नंतरच्या दशकांत उठलेल्या इमारती २०१८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेल्या. त्यांच्या डौलदार लांब छज्जांना खारा वारा झोंबतो आहे. अशा छज्जावर भार टाकण्यापूर्वीं स्थापत्य अभियंत्याला दाखवावें. गृहनिर्माण संस्थेची परवानगी घ्यावयाचीच असते. तिच्याबरोबर हेंहि उरकून घेतां येईल.

ब्रॅकेट बसवितांना दोन्ही बाजू पाणसळीनें एका पातळींत घ्याव्या. यंत्र मात्र बाहेरच्या बाजूस पाव ते अर्धा इंच उतरतें ठेवावें, म्हणजे हवेंतील ओल गोठून झालेलें पाणी खोलींत न येतां मागें वाहील. हा उतार बनविणाऱ्याच्या सूचनेपेक्षां जास्त करूं नये. उतारासाठीं लांकडाची पाचर घालण्यापेक्षां ब्रॅकेटांतच तजवीज करावी, कारण पावसांत पाचर कुजते व कंपनानें सरकते. यंत्र आणि लोखंड यांच्यामध्यें रबराची पट्टी घातल्यानें आवाज कमी होतो. मागील पाण्याला नळी लावून तें पन्हळीपर्यंत न्यावें. खालच्या बिऱ्हाडाच्या वाळवणावर थेंब पडूं लागले, कीं शेजारधर्म किती दिवस टिकेल तें सांगतां येत नाहीं.

या सर्वांपेक्षां कठीण शत्रु गंज. समुद्रकांठीं हवेंत मीठ असतें. तें लोखंडावर बसतें, ओल धरून ठेवतें, आणि रंगाला एखादा ओरखडा पडला कीं गंज तेथून आंत शिरतो. वेल्डिंगचे सांधे आणि बोल्टाखालची जागा प्रथम खराब होते. त्यांत कबुतरें ब्रॅकेटावर घरटें करतात, आणि त्यांच्या विष्ठेनें लोखंड सदोदित ओलें राहतें. साध्या पोलादाला नुसता एक हात रंग पुरत नाहीं. जोडकाम संपल्यावर जस्ताचा मुलामा चढवून घेतलेलें ब्रॅकेट थोडें महाग, परंतु पुष्कळ टिकाऊ. बोल्टहि मुलामा दिलेलेच असावेत. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं, गाळणी धुण्याच्या वेळीं, ब्रॅकेटावर हातोडीनें हलकेंच ठोकून पाहावें : खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे, बद्द आवाज येऊन पापुद्रे सुटले तर बदलण्याची वेळ आली आहे. भिंतींतून गंजाच्या तांबड्या ओघळाची रेघ उतरली असेल, तर ठोकून पाहण्याचीहि गरज नाहीं.

बसविणाऱ्या माणसाविषयीं एक गोष्ट घरवाल्यानेंच पाहावयाची आहे. चौथ्या मजल्यावर छज्जावर अनवाणी उभा राहून, एका हातानें गज धरून, दुसऱ्या हातानें ड्रिल चालविणारा मुलगा मुंबईंत नेहमीं दिसतो. सुरक्षा-पट्टा व दोर त्यानें आणला नसेल, तर काम दुसऱ्या दिवशीं ठेवावें. आणि दोर गंजक्या खिडकीच्या गजाला न बांधतां खोलींतील एखाद्या भक्कम खांबाला किंवा तुळईला बांधला आहे, हें डोळ्यांनीं पाहावें. काम चालू असेतों खालच्या वाटेवर एक माणूस उभा करावा.

हल्लीं पुष्कळ घरांतून खिडकीचें यंत्र जाऊन दोन भागांचें यंत्र येत आहे. जुनें यंत्र भंगारवाला घेऊन जातो. अँगल मात्र कोणी काढीत नाहीं, कारण त्याचे पैसे येत नाहींत. ते ओसाड अँगल तसेच गंजत राहतात, आणि एखाद्या आषाढांतल्या रात्रीं खालीं येतात. यंत्र उतरविणाऱ्याकडूनच त्याच वेळीं ते काढून घ्यावेत व भोंकें सिमेंटनें बुजवून त्यांवर रंगाचा हात फिरवावा.