बँक बुडाली तर सरकार कोणाला वाचवतं?

इंदूर : पैसा बँकेत आहे म्हणजे सरकारच्या भरवशावर आहे, असं राजवाड्यापासून महाराष्ट्राच्या सीमेपर्यंत अनेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे.

खासगी येस बँकेवर ५ मार्च २०२० ला निर्बंध आले. केंद्राने योजना मंजूर केली, सरकारी स्टेट बँकेने ६,०५० कोटी रुपये घातले आणि १८ मार्चला निर्बंध उठले.

पीएमसी ही सहकारी बँक. शाखा महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकात, तशा आपल्या मध्य प्रदेशातही. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. महाराष्ट्रात विधानसभेचा प्रचार सुरू होता. ठेवीदारांनी गाठल्यावर अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या, नियामक रिझर्व्ह बँक आहे, मंत्रालयाचा थेट संबंध नाही. तोडगा निघाला जानेवारी २०२२ मध्ये. मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबली.

ठेवीदाराला कायद्याने हमी एवढीच : एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विमा. तोही फेब्रुवारी २०२० पर्यंत एकच लाख होता. त्यावरची रक्कम वाचवायची की नाही, हा राजकीय निर्णय असतो. मग त्याचा जाब रिझर्व्ह बँकेला नव्हे, मत मागायला येणाऱ्यालाच विचारायला हवा.