अवर्षणकाळी शाळेची बाग



आपला जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथे वर्षाकाठी सरासरी बाराशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. असे असूनही वैशाखात अनेक गावांच्या विहिरी तळ गाठतात व हातपंपाभोवती घागरींची रांग लागते. ही विसंगती प्रथम समजून घेतली पाहिजे. आपल्याकडील बहुतेक पाऊस चार महिन्यांतच कोसळतो, आणि पुष्कळ ठिकाणी जमिनीखाली कठीण खडक असल्याने भूगर्भात त्याचा साठा मर्यादितच राहतो. हे ओळखूनच कोहळी समाजातील जाणत्यांनी काही शतकांपूर्वी येथे तलाव व बोड्या बांधल्या. १९५१ साली मालगुजारी पद्धती संपुष्टात आली. तलाव शासनाकडे गेले, आणि गाळ काढण्याची व पार राखण्याची गावाची जुनी रीत हळूहळू मोडली. तलाव उथळ झाले. म्हणून एखादे वर्ष पाऊस ओढ देताच टंचाई आपल्या दारी येते.

अशा वेळी शाळेच्या बागेचे काय करावे, हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी मुख्याध्यापक विचारतात. तोच प्रश्न ग्रामपंचायतीच्या उद्यानाचा आणि नगरपालिकेच्या बागेचाही आहे.

या प्रश्नाची दोन चुकीची उत्तरे मी प्रत्यक्ष पाहिली आहेत. एका शाळेने सुशोभनाच्या उत्साहात दर्शनी भागी हिरवळ लावली. मे महिन्यात त्या हिरवळीवर नळी सोडलेली, आणि कुंपणापलीकडे गावच्या स्त्रिया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या, असे दृश्य दिसले. गावाने शाळेला नावे ठेवली, त्यात गावाचे काही चुकले नाही. दुसऱ्या एका शाळेने टंचाईचे कारण देऊन सर्वच पाणी बंद केले. दोन-तीन वर्षे वाढविलेली करंज व कडुनिंबाची रोपे त्या एका उन्हाळ्यात वाळली. आज तेथील मुले उघड्या अंगणात उन्हात जेवतात.

पहिली चूक न्यायाची व दुसरी दूरदृष्टीची. यांतून मार्ग काढावयाचा तर एक साधा विचार पुरे होतो : जे गेले तर पुन्हा किती काळाने येईल? हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, पण मरत नाही. तिची मुळे जमिनीत जिवंत राहतात व मृगाच्या सरींबरोबर ती पुन्हा हिरवी होते. मोसमी फुलझाडे पुढील वर्षी बियांपासून उगवतात. परंतु झाड गेले तर त्याची सावली परत मिळण्यास दहा वर्षे लागतात. म्हणून टंचाईत पहिला क्रम माणसांच्या व जनावरांच्या पिण्याच्या पाण्याचा, त्यानंतर कोवळ्या झाडांचा, त्यानंतर परसबागेतील भाजीचा, आणि हिरवळीचा क्रम सर्वांत शेवटी. राज्याच्या जलधोरणातही पिण्याच्या पाण्यालाच अग्रक्रम आहे.

हिशेब करून पाहिला म्हणजे हे अधिक पटेल. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळ दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी घेते असे धरल्यास शंभर चौरस मीटर हिरवळीस रोज पाचशे लिटर लागते. ग्रामीण भागात माणशी ५५ लिटर हे प्रमाण मानले आहे. म्हणजे नऊ माणसांचे रोजचे पाणी तेवढ्या गवतावर जाते. उलट, एका रोपाला आठवड्यास वीस लिटर दिले तर पंचवीस रोपे त्या एका दिवसाच्या पाण्यावर आठवडाभर जगतात. चौथी-पाचवीच्या वर्गात हे गणित अवश्य करून घ्यावे.

हा वाद केवळ खेड्यांचा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांवर लाखो लिटर पाणी घालावे काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश झाला. मैदानांस प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारीही त्या वेळी दाखविण्यात आली होती. आपल्याला येथे तोच धडा घ्यावयाचा आहे : बागेस पाणी द्यावे, पण ते एकदा वापरलेले असावे.

यासाठी शाळेत पुढील गोष्टी सहज करता येतील.

१. हात धुण्याचे पाणी. दोनशे मुलांनी जेवणापूर्वी अर्धा लिटर वापरले तरी शंभर लिटर होते. ते वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून झाडांकडे वळवावे. साबणाचे पाणी भाजीला देऊ नये. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी मात्र भाजीला चालते.

२. आच्छादन. पालापाचोळा जाळू नये. तणीस व वाळलेली पाने आळ्यात चार बोटे जाड पसरावीत. ओल टिकते.

३. मडके. न भाजलेले मडके पाण्यात विरघळते, म्हणून भाजलेले, परंतु झिलई नसलेले मडके घ्यावे. ते रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व झाकावे. माती सुकेल तसतसे पाणी पाझरते.

४. वेळ. पाणी सूर्यास्तानंतर अथवा पहाटे द्यावे.

५. छपराचे पाणी. शंभर चौरस मीटर छपरावर बाराशे मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख वीस हजार लिटर. त्यातील काही भाग जरी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात मुरविला, तरी मोठे काम झाले.

खरी अडचण सुटीची आहे. विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, आणि झाडांना पाण्याची सर्वाधिक निकड मे महिन्यात असते. यास्तव सुटी लागण्यापूर्वीच शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत झाडांची वाटणी करावी. शाळेजवळ राहणाऱ्या कुटुंबाने एकेक मडके भरण्याचे पत्करले तर कोणावरही भार पडत नाही. मुलांकडून दुरून पाणी वाहून आणणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे.

शेवटी एक सूचना. बागेतील हिरवळ पिवळी पडू दिली तर त्याचे कारण फळ्यावर लिहून दर्शनी भागी लावावे : "हे पाणी गावासाठी राखले आहे." तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही त्या पिवळ्या गवताबद्दल शाळेस दोष देऊ नये, झाडे जगली आहेत काय, एवढेच पाहावे. मी स्वतः यापुढे तेच पाहणार आहे.