कार्डात न मावणारा चौहान

खेळाडूंच्या कार्डांवर लिहायला बसलं की लेखणी आधी अमेरिकेला पळते. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याच मालिकेची न खपलेली खोकी कंपनीच्या साय बर्गर यांनी १९६० मध्ये बोटीत भरून समुद्रात लोटली होती. संपादकांना हाच चमत्कार हवा होता. मी मात्र अहिवाऱ्याला गेलो. भिलाईच्या उत्तरेला, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीजवळचं हे गाव. तिथे माझ्या आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे, बिस्किटांचा एक डबा आहे.

डब्यात वरच ट्रम्प कार्डं. त्यांच्या आधीची वंशावळ थोडक्यात सांगतो. विलायतेत विल्स कंपनीने १८९६ मध्ये सिगारेटच्या पाकिटात ५० क्रिकेटपटूंची चित्रं घातली. पाकीट वाकू नये म्हणून घातलेल्या पुठ्ठ्यावरच जाहिरात करायची, ही तिथली जुनी युक्ती. पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात बिग फन गमबरोबर धावा आणि विकेट छापलेली कार्डं यायची. ती जमवायची, त्यांचा हिशेब ठेवायचा आणि बदल्यात बक्षीस मिळवायचं. दात किडल्याचा हिशेब वेगळा.

ट्रम्प कार्डांची गोष्ट न्यारी. पत्ते समान वाटायचे, आपला वरचा पत्ता बघायचा आणि एक आकडा पुकारायचा. समोरच्याचा आकडा कमी निघाला की त्याचा पत्ता आपला. कुस्तीगिरांच्या कार्डांवर उंची, वजन, छाती, बायसेप्स, लढलेल्या आणि जिंकलेल्या कुस्त्या. जायंट गोन्झालेझ हातात आला की ‘उंची’ म्हणायचं, योकोझुना आला की ‘वजन’. क्रिकेटच्या संचात धावा, शतकं, विकेट, झेल. अडतो तो मधला पत्ता, ज्याचा एकही आकडा ठसठशीत नसतो. तेव्हा समोरच्याचा चेहरा वाचून अंदाजाने पुकारावं लागतं. दादा अजूनही हे फार निर्लज्जपणे करतो.

आता भिलाईचा राजेश चौहान घ्या. २१ कसोटींत ४७ विकेट, ३५ एकदिवसीय सामन्यांत २९. पुकारायला एकही आकडा जोरदार नाही. पण त्या २१ पैकी एकही कसोटी भारत हरला नाही आणि त्यासाठी कार्डावर रकाना नसतो. ३० सप्टेंबर १९९७ ला कराचीत शेवटच्या षटकात सकलैन मुश्ताकला त्याने मारलेला षटकारही कुठल्याच रकान्यात बसत नाही. मला कार्डांचं वेड समजतं, पण चौहानसारख्यांची ही कुचंबणा पाहून कार्डांच्या न्यायबुद्धीवर भरवसा बसत नाही.

परदेशी पाकिटांत हा खेळच नसतो. तिथे नेहमीचं बेस कार्ड, खेळाडूचं पहिलंवहिलं रुकी कार्ड, त्याच चित्राची रंग बदललेली पॅरलल आवृत्ती, सहीचं कार्ड, सामन्यात घातलेल्या जर्सीचा तुकडा चिकटवलेलं कार्ड. काहींवर क्रमांक छापलेला, म्हणजे पंचविसांतलं सातवं वगैरे. टंचाई छापखान्यातच ठरवलेली. समुद्रात खोकी बुडवायची गरज उरली नाही.

दादाच्या डब्याची अडचण नेमकी उलटी. त्याच्या बऱ्याच कार्डांवर ना साल, ना छापणाऱ्याचं नाव. कुठला संच, कितवी छपाई, ते सिद्ध करणार कसं? अमेरिकेत १९९१ पासून पीएसए ही संस्था कार्ड तपासून १ ते १० गुण देते. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मध्यावर आहे की नाही, सगळं पाहिलं जातं. दादाच्या पत्त्यांना कमरेवर रबरबँडची खाच आहे. फेसून फेसून कोपरे गोल झालेत. काही त्याने हौसेने लॅमिनेट करून आणले, ते तर जमवणाऱ्यांच्या लेखी बादच. तपासायला परदेशी पाठवायचे तर टपालखर्च पत्त्याच्या किमतीला भारी पडेल.

एका पत्त्याच्या मागे दादाने शाळेत असताना बॉलपेनने स्वतःचं नाव घातलं होतं. विकायचा विचार मनात आला तेव्हा ते खोडरबराने खोडायला गेला, तर कागदाचा पापुद्राच निघाला.

“नाव होतं तेव्हा निदान माझा तरी होता,” तो म्हणाला आणि पत्ते वाटायला लागला. पहिल्याच पत्त्याला माझी ‘छाती’ गेली.